कापडासाठी कच्छपर्यंत

सगळा देश पुण्यासाठी नाशिकला येतो: रामकुंडावर अस्थी सोडायला, सिंहस्थात डुबकी मारायला, त्र्यंबकला नारायण नागबळी करायला. तीर्थ दारातच असलेल्या नाशिककराने निवृत्तीनंतर यात्रेला जायचं तरी कुठे? थंडीच्या दिवसांत सापुताऱ्याच्या घाटात याचं एक नवं उत्तर भेटतं. एमएच १५ची गाडी, पुढे साठी ओलांडलेले नवरा-बायको, मागे चिवड्याचे डबे आणि एक रिकामी बॅग. चाललेत कच्छला. पांढरं रण बघायचं आहेच, पण बॅग आहे ती अजरख कापडासाठी. बाईंना गोधड्या शिवायचा नाद आहे.

गोधडीसाठी आठशे किलोमीटरवरून कोरं कापड आणायचं, हे ऐकून जुन्या पिढीतल्या बायांनी कपाळावर हात मारला असता. गोधडी शिवायची ती विरलेल्या लुगड्यांची आणि धोतरांची, घरातल्या थंडीसाठी. शिवायची की नाही, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आजच्या निवृत्त बाईची गोधडी कुणाच्या गरजेची नाही. म्हणूनच तिच्यातला टाका न् टाका तिच्या मर्जीचा आहे. नोकरी, सासूसासरे, मुलांच्या परीक्षा यांतून सुटल्यावर आपलं काम आपण निवडायची ही अनेकींची पहिलीच वेळ असते. तिला ‘टाइमपास’ म्हणून हसणं सोपं आहे.

शिवाय हौशी माणसाची खरेदी दुकानात संपत नाही. भुजजवळचं अजरखपूर हे गावच मुळी कापडासाठी वसलेलं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर धमडका गावचं पाणी खोल गेलं, त्यातलं लोह वाढलं आणि रंगकाम बिघडू लागलं, तेव्हा तिथल्या अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी हे नवं गाव उभं केलं. इथे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजतं. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून होतो, लाल धरायला तुरटी लागते, निळा निळीच्या हौदातून येतो. कारागीर लाकडी ठसा कापडावर टेकवतो आणि वरून मूठ मारतो. पुढचा ठसा आधीच्याला असा भिडतो की सांधा शोधून सापडत नाही.

माझ्या ओळखीच्या एका जोडप्यातले गृहस्थ नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बायको कापड निवडेपर्यंत बाहेर बसू, या बेताने आलेले. तो सांधा पाहून ते चष्मा वर करून टेबलावर वाकले. सरकलेला रंग हुडकण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते विचारत होते, “खूण कुठंय तुमची?” कारागिराने ठशाचा कोपरा दाखवला, मग स्वतःचा डोळा. तिथून पुढे गृहस्थ हलेनात. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन जे कसब घरी पाठवलं होतं, त्याला इथे पुन्हा कुणीतरी बरोबरीने बोलायला भेटलं.

वाटेवर नातलगही असतात. वडोदरा नाशिकला परकं नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली तिथे दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. आजही दांडिया बाजारात मराठी सहज कानावर पडते. एखादी मावशी तिथे, पुतण्या सुरतेत, लेक अहमदाबादला. लेकीकडे ‘राहायला’ गेलं की तिची रजा, जावयाच्या वेळा आणि ‘आज यांना कुठे न्यायचं’ ही तिची काळजी, सगळं अंगावर येतं. कच्छला जाता जाता एक रात्र थांबलं की गप्पा पुरतात आणि निघताना “अजून थांबा ना” हे मनापासूनचं असतं. ज्यांना पुढे स्वतःचं काम आहे, असे आईवडील मुलांना जड वाटत नाहीत. त्यांनाही आपण कुणाच्या सोयीने जगतोय असं वाटत नाही.

अर्थात हे सगळं पेन्शनच्या जोरावर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या कितीतरी जणांना हे जमणार नाही. ईपीएस-९५चं किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. त्यात गाडीची टाकीही भरत नाही. पण हौसेला गाडीच लागते असं नाही. एसटीत पंच्याहत्तरी गाठलेल्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं. येवल्याला उतरून पैठणीच्या मागापाशी बसता येतं आणि धागा कसा भरतात ते विणकराला विचारता येतं.

विचारायला मात्र आधी काहीतरी ठाऊक हवं. निवृत्तीची तयारी म्हणून आपण फंड साठवतो, विमे काढतो आणि हौस तेवढी ‘साठीनंतर बघू’ म्हणून मागे ठेवतो. चाळिशीत ज्याने कशालाच हात लावला नाही, तोही साठीत कच्छला जाऊन कापड विकत घेईल. कारागिराला विचारायला त्याच्याकडे भावाखेरीज प्रश्न नसेल.