रद्दी, संग्रह आणि वाचकाची खूण

केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथे एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे, असे समजू. तीत बाबुराव अर्नाळकरांच्या पन्नासेक रहस्यकथा, गुरुनाथ नाईकांच्या काही कादंबऱ्या, नारायण धारपांची दोनतीन पुस्तके आणि तळाशी इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’चे उर्दू अंक आहेत. घरातला वाचणारा माणूस गेला आणि मागे राहिलेल्यांच्या लेखी ही रद्दी झाली. पुण्याहून आलेला संग्राहक ती किलोच्या भावाने विकत घेतो. तिचे मोल त्याला ठाऊक आहे, विकणाऱ्याला नाही. या व्यवहारात काही अनुचित घडले काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्याचे उत्तर शोधू जाता ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूस सारलेल्या साहित्याच्या मूल्याविषयीची मराठी समीक्षेची जुनी अडचण पुढे येते.

नीतिविचाराला असा सौदा नवा नाही. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात ऱ्होड्सच्या दुष्काळातील धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण चर्चिले आहे. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे या व्यापाऱ्यास माहीत आहे. ते त्याने गिऱ्हाइकांस सांगावे की मौन पाळावे? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. वडगावच्या पेटीस मात्र हा दृष्टान्त जसाच्या तसा लागू पडत नाही. धान्याची किंमत व्यापाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नव्हती. जहाजे खरोखरच समुद्रात होती. जीर्ण रहस्यकथेची किंमत मात्र संग्राहकांच्या हव्यासातूनच निर्माण होते. संग्राहक मोल लपवतो हे खरे, परंतु जे तो लपवतो ते बव्हंशी त्याने आणि त्याच्या सहव्यसनींनी घडवलेलेच असते. त्यामुळे भावाच्या बाबतीत त्याचा दोष थोडा हलका होतो. (पूर्णपणे नाहीसा होतो असे नाही, रद्दीच्या भावापेक्षा चार पैसे अधिक देण्यास कोणतेही तत्त्वज्ञान आड येत नाही.) जबाबदारी मात्र दुसरीकडे वाढते. हे पुस्तक आता कोणत्या जातीची वस्तू ठरणार, याचा निर्णय तोच करीत असतो.

मुळात हे पुस्तक कशासाठी होते? गिनेसच्या विक्रमग्रंथाने १९३६ ते १९८४ या काळातील अर्नाळकरांच्या पुस्तकरूप रहस्यकथांची संख्या १०९२ अशी दिली होती. या आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्याचा अर्थ क्वचितच लावला गेला. जवळजवळ अर्धशतक दर महिन्यास सरासरी दोन पुस्तके, म्हणजे हा संथ, अखंड पुरवठा होता. झुंजार, काळापहाड, धनंजय ही पात्रे वाचकाच्या परिचयाचीच असत. प्रत्येक पुस्तक संपवून पुढच्या हाती द्यायचे आणि त्याच्या जागी नवे आणायचे. स्वस्त कागद हा या व्यवस्थेचा अंगभूत भाग होता. लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. शिवणीतल्या पिना गंजून पानांत उतरतात. टिकण्याचे वचन या पुस्तकाने कधी दिलेच नव्हते. इंग्लंडात पेंग्विनने १९३५ साली सहा पेन्सांची पहिली दहा पुस्तके काढली, तेव्हा त्यांत ॲगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्या रहस्यकथा होत्या. तेथेही स्वस्ताई आणि रहस्य हातात हात घालूनच आले.

संग्राहकाची दृष्टी नेमकी याच्या उलट चालते. त्याला कोरी प्रत हवी असते: मुखपृष्ठ अभंग, कण्यावर वळी नाही, आत कुणाचे नाव नाही. म्हणजे ज्या प्रतीने आपले नियतकार्य सर्वांत कमी केले, तिला सर्वाधिक मान. वॉल्टर बेन्यामिनने १९३१ मधील आपल्या निबंधात संग्राहकाची बाजू मांडताना, जुने पुस्तक मिळवणे म्हणजे त्याचा पुनर्जन्म होय, असे सुचवले आहे. विचार मोहक आहे. पण पुनर्जन्मासाठी पूर्वजन्म पुसावा लागतो, ही त्यातली ग्यानबाची मेख. वाचनालयातून फिरलेल्या प्रतीवर शिक्का असतो, देवघेवीच्या तारखा असतात, कुणी खुन्याचे नाव विसाव्या पानावरच पेन्सिलीने लिहून पुढच्या वाचकाचा सूड घेतलेला असतो. बाजारात हे सारे ‘दोष’ ठरतात. वाचनाच्या इतिहासाला मात्र यांहून विश्वसनीय पुरावा क्वचितच मिळेल.

वडगावापासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’ चारशे वर्षे टिकले, कारण ते जपणाऱ्यांना तो संग्रह वाटत नव्हता, ठेव वाटत होती. या परंपरेच्या शेजारी अर्नाळकरांची पेटी ठेवणे काहींना अनुचित वाटेल. दोहोंची वाङ्मयीन तुलना येथे अभिप्रेतच नाही. ठेवीचा धनी ती आपल्यापुरती मानत नाही आणि ती कोणाकडून कोणाकडे आली हे विसरत नाही, एवढेच पाहायचे आहे.

विज्ञानकथेचे प्राक्तन वेगळे झाले. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. पुढे त्यांच्या नावाच्या वजनाने हा प्रकार शिष्टसंमत झाला आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. रहस्यकथेस असा पालक लाभला नाही. परिणामी विज्ञानकथा कपाटात गेली आणि रहस्यकथा रद्दीत. संग्राहक हा अन्याय दूर करतो असा त्याचा दावा असतो. परंतु समीक्षेने जी निवड गुणांवरून केली तीच तो दुर्मिळतेवरून करतो. न वाचता केलेला सन्मान न वाचता केलेल्या उपेक्षेहून किती वेगळा?

आणि पेटीच्या तळाशी असलेले उर्दू अंक? ‘जासूसी दुनिया’ १९५२ साली अलाहाबादेहून सुरू झाली. निजामी अमलात कारभाराचे आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू असलेल्या मराठवाड्यात एकाच माणसाने इब्ने सफी आणि अर्नाळकर दोघेही वाचले असतील, यात नवल नाही. मराठीचा संग्राहक मात्र मराठी पुस्तके उचलेल आणि उर्दू अंक दुसऱ्याला देईल किंवा तेथेच सोडेल. त्या क्षणी पुस्तके वाचतील, पण वाचक हरवेल. ज्या गावाच्या नावातच युसूफ आणि वडगाव शेजारी नांदतात, तेथील वाचनाचा एकमेव पुरावा भाषावार वाटला जाईल.

शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९५० या काळाची आहे. त्यानंतरची अर्नाळकरांची तीन दशकांहून अधिक काळाची निर्मिती तिच्या कक्षेबाहेर राहते. हे काम पुढे कुणी हाती घेतले तर त्याला या पेटीची गरज पडेल. पण सुट्या, कोऱ्या, काचेआडच्या प्रतींनी त्याचे अर्धेच काम भागेल. म्हणून संग्राहकाने पेटी उघडताच, भाव ठरवण्याआधी, पुस्तके कोणत्या क्रमाने रचलेली होती, कोणत्या वाचनालयाचा शिक्का कोठे आहे, कोणत्या घरातून काय आले, हे एका वहीत उतरवावे आणि त्या वहीची एक प्रत त्याच घरी ठेवावी.