न दिलेले घेणे: व्यवसायाच्या संकेतस्थळावरील छायाचित्र आणि अस्तेयाची मर्यादा

चोरी म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर भारतीय धर्मविचारात सर्वत्र सारखे नाही. एखाद्या हॉटेलच्या, सहल कंपनीच्या किंवा मिठाईच्या दुकानाच्या संकेतस्थळावर दुसऱ्याने काढलेले छायाचित्र न विचारता लावले जाते तेव्हा त्या उत्तरांतील फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण मूळ छायाचित्र जिथे होते तिथेच राहते आणि ते काढणाऱ्याच्या हातून काही गेलेले दिसत नाही. हरण, म्हणजे वस्तू तिच्या जागेवरून हलवून नेणे, हे चोरीचे आवश्यक लक्षण मानले, तर या कृतीला चोरी म्हणणे कठीण होते. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, वस्तू मूळ ठिकाणाहून ढळली की नाही हे बारकाईने पाहिलेले आहे. पाली भाष्यग्रंथांनी चोरीची जी पाच अंगे सांगितली आहेत त्यांत वस्तू परक्याची असणे, ती परक्याची असल्याचे ठाऊक असणे, चोरीची बुद्धी आणि प्रयत्न यांच्यानंतर शेवटचे अंग हरणाचेच येते. संगणकावर प्रत उतरवून घेणाऱ्याच्या बाबतीत पहिली चार अंगे सहज पुरी होतात, पाचव्यापाशी मात्र विचार अडतो.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडला जाणारा प्रतिपक्ष, इथेच उभा राहतो. विद्या दिल्याने वाढते ही सुभाषितांतील जुनी धारणा त्याच्या बाजूने आहे, आणि दुसऱ्याने आपल्या दिव्यावरून दिवा लावून घेतला तर आपला उजेड कमी होत नाही, हा थॉमस जेफरसन यांनी १८१३ च्या एका पत्रात दिलेला दाखलाही त्याच अर्थाचा आहे. हा पक्ष हलका नाही. ज्ञानापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे, आणि स्वामित्वहक्काचा कायदाही तो मान्य करतो, कारण हा कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या प्रत्यक्ष आविष्काराला देतो. पंढरीच्या वाटेवरील दिंडीचे छायाचित्र काढावे ही कल्पना कोणाच्याही मालकीची नसते. मात्र एका विशिष्ट पहाटे, विशिष्ट जागी उभे राहून कोणी टिपलेले छायाचित्र त्याचे असते, आणि १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार त्यात कलागुण असोत वा नसोत, नोंदणी झालेली असो वा नसो, त्याचा हक्क निर्माण होतो.

तरीही कायदा असे म्हणतो एवढ्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. मालकाचे काहीच उणे होत नसेल तर दोष कशात आहे, याचा शोध घेताना जैन विचार अधिक खोल जातो असे म्हणावे लागते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीचे लक्षण ‘अदत्तादान’, म्हणजे न दिलेले घेणे, असे केले आहे. या लक्षणात मालकाच्या नुकसानीला स्थान नाही. देणाऱ्याने दिले होते की नाही, एवढेच पाहायचे आहे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत स्वतःच यावर आक्षेप घेतला आहे: असे असेल तर गावातील रस्त्याने आणि वेशीतून जाणारा मुनीही न दिलेलेच घेतो, मग तो चोर ठरेल काय? त्यांचे समाधान असे की रस्ता आणि वेस सर्वांसाठी मोकळी सोडलेली असतात, आणि बंद दारातून मुनी आत शिरत नाही. शिवाय जिथे प्रमत्तयोग, म्हणजे बेपर्वा किंवा क्रोध-लोभादी विकारांनी भारलेली प्रवृत्ती, नसते तिथे हा दोष लागत नाही.

इंटरनेटवर दिसते ते सर्वांचे, या आजच्या सर्रास ऐकू येणाऱ्या समर्थनाला या जुन्या चर्चेत नेमके उत्तर सापडते. संकेतस्थळावर मांडलेले छायाचित्र पाहण्यापुरता रस्ता मोकळा असतो. ते उचलून आपल्या मालाच्या जाहिरातीत लावण्याचे दार मात्र छायाचित्रकाराने उघडलेले नसते. युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर २०१८ मध्ये असेच एक प्रकरण आले होते. एका छायाचित्रकाराने कॉर्दोबा शहराचे आपले छायाचित्र वापरण्याची परवानगी एका प्रवासविषयक संकेतस्थळाला दिली होती. तिथून ते कोणालाही उतरवून घेता येत होते, आणि जर्मनीतील एका शाळेच्या विद्यार्थिनीने ते आपल्या सादरीकरणात घेतल्यावर शाळेने ते सादरीकरण स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले. न्यायालयाने असे ठरवले की हे नव्या वाचकवर्गापुढे केलेले नवे प्रकाशन आहे, त्यामुळे त्यासाठी छायाचित्रकाराची पुन्हा संमती हवी. शाळेचा हेतू शैक्षणिक होता आणि नफ्याचा प्रश्नच नव्हता, तरीही परवानगीची कक्षा इतकी काटेकोर मोजली गेली. मग ग्राहक मिळवण्यासाठीच उभारलेल्या संकेतस्थळाला त्याहून सैल माप लावण्याचे कारण दिसत नाही.

त्या विद्यार्थिनीने छायाचित्राखाली मूळ संकेतस्थळाचा उल्लेख केला होता, ही गोष्ट विसरू नये. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, हा समज फार पसरलेला आहे. नामनिर्देशाचे मोल मोठे आहे यात शंका नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःची मुद्रा घालणाऱ्या सालोमालोला वारकरी परंपरेने दोषी मानले ते त्याचसाठी, आणि भारतीय कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्तृत्व सांगण्याचा हक्क विकलेल्या कृतीवरही कर्त्याकडे राहतो. परंतु अभंग गाण्यासाठीच दिलेले होते, म्हणून तिथे नाव राखणे पुरेसे ठरते. जे दिलेलेच नाही त्यावर नाव लिहिल्याने फक्त ते कोणाकडून घेतले हे कळते.

‘त्यालाच प्रसिद्धी मिळेल’ हे समर्थन यापेक्षा सूक्ष्म आहे, कारण त्यात मालकाची संमती गृहीत धरलेली असते. विनयात अशा विश्वासाने घेण्याला खरोखरच जागा आहे, पण तिच्या अटी कडक आहेत: मालक परिचित असावा, जवळचा असावा, त्याने आधी तसे बोलून दाखवलेले असावे, तो जिवंत असावा, आणि आपण घेतल्याने त्याला आनंदच होईल हे घेणाऱ्याला ठाऊक असावे. अनोळखी छायाचित्रकाराच्या बाबतीत व्यावसायिकाला यांतील बहुतेक अटी पुऱ्या करता येत नाहीत.

जैन ग्रंथांनी गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी आचरणे, सांगितले आहेत ते व्यापारी समाजाच्या अनुभवातून आलेले असल्याने इथे विशेष उपयोगी पडतात. ‘तदाहृतादान’ या अतिचाराचा अर्थ असा की ज्या चोराला आपण प्रवृत्त केले नाही आणि ज्याच्या चोरीला संमतीही दिली नाही, त्याने आणलेली वस्तू स्वीकारणे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने छायाचित्रे कुठून आणली हे आपल्याला माहीत नव्हते, असे म्हणणाऱ्या व्यवसायमालकाची स्थिती याहून वेगळी नाही. छायाचित्रे कोणत्या परवान्यावर घेतली हे लेखी विचारणे त्याच्या हातात होते. ‘विरुद्धराज्यातिक्रम’ राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून केलेल्या व्यवहाराला दोष देतो. ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे बनावट सोने वगैरे खऱ्याच्या नावाने खपवणे, हा अतिचार तर विषयाच्या गाभ्यापर्यंत नेतो.

हा गाभा म्हणजे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावाने पुढे करणे. इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये पुस्तकांच्या अनधिकृत छपाईवर लिहिताना असे मांडले की पुस्तक हे लेखकाचे जनतेशी बोलणे आहे, आणि आज्ञेविना ते छापणारा लेखकाच्या नावाने परस्पर बोलतो. चित्रशिल्पादी कलाकृती मात्र त्यांनी वस्तू मानून या तर्कातून वगळल्या. व्यवसायाच्या संकेतस्थळावरील छायाचित्र ही केवळ वस्तू राहत नाही. पाहणाऱ्यासाठी ते साक्ष असते: ही आमची खोली, हे आमच्या भट्टीवरचे पेढे, हे आम्ही केलेले बांधकाम. त्यामुळे परक्याच्या स्वयंपाकघरातील पदार्थाचे छायाचित्र आपल्या खानावळीच्या नावाखाली लावणारा अस्तेयाबरोबर सत्यही मोडतो, आणि फसवणूक छायाचित्रकाराइतकीच ग्राहकाचीही होते.

देणारा कोण, हेही दर वेळी उघड नसते. भारतीय कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. लग्नाची छायाचित्रे काढणारा व्यावसायिक तीच छायाचित्रे स्वतःच्या संकेतस्थळावर नमुना म्हणून लावतो तेव्हा परवानगी मागण्याची पाळी त्याची असते, ही गोष्ट अनेक छायाचित्रकारांच्याही ध्यानात नसते. दिंडीच्या छायाचित्रातील वृद्ध वारकऱ्याला तर या कलमाने काहीच मिळत नाही, आणि तरीही त्याचा चेहरा एखाद्या सहल कंपनीच्या दरपत्रकाशेजारी लागला तर त्याने तो त्यासाठी दिलेला नव्हता, हे अदत्तादानाच्या व्याख्येने मान्य करावेच लागते. कायद्यापेक्षा धर्मविचाराची व्याप्ती इथे मोठी आहे, आणि ती तशीच राहावी.

परवानगीलाही सीमा असते. आचारांगसूत्रात मुनीने राहण्याची जागा मागताना ती मर्यादित भागापुरती आणि ठरावीक काळापुरतीच घ्यावी असा दंडक आहे. आजच्या परवान्यांतही हेच असते: क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत कर्ता सर्वांना आधीच देऊन ठेवतो, पण व्यापारी वापर वगळतो, आणि दुकानाच्या संकेतस्थळासाठी तेवढ्यापुरते ते छायाचित्र अदत्तच राहते.

मालक सापडत नसेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न उरतो. बौद्ध भिक्षूंना पांसुकूल, म्हणजे स्मशानात किंवा उकिरड्यावर टाकून दिलेले वस्त्र, घेण्याची मुभा होती, कारण त्यावरचा हक्क कोणीतरी सोडून दिलेला असे. ज्याचा मालक माहीत नाही ते छायाचित्र मात्र टाकून दिलेले नसते. कर्ता अज्ञात असेल किंवा सापडत नसेल तर कलम ३१ अ अन्वये परवाना मागता येतो, पण त्याआधी आपला प्रस्ताव वृत्तपत्रात जाहीर करावा लागतो. इतका खटाटोप एखाद्या दुकानाला परवडत नाही हे खरे. मात्र दुकानात छायाचित्रकाराला बोलावून, मोबदला देऊन, हक्क कोणाकडे राहील हे कागदावर लिहून आपल्याच मालाचे छायाचित्र काढून घेणे जवळजवळ प्रत्येकाला परवडते.