श्रम आणि व्यायाम

व्यायामापासून शरीरास आरोग्य आणि मनास प्रसन्नता लाभते, याविषयीं आतां कोणी वाद घालीत नाहीं. वाद राहिला आहे तो निराळाच, आणि तो बहुधा उघडपणें बोलूनही दाखविला जात नाहीं. सुशिक्षित कुटुंबांत एक वाक्य वरचेवर कानीं येतें : "तिला कशाला हवा व्यायाम? दिवसभर घरकाम होतें, तोच तिचा व्यायाम." हेंच वाक्य थोड्या फरकानें धुणेंभांडीं करणाऱ्या बाईविषयीं, हमालाविषयीं, शेतावरच्या गड्याविषयीं बोललें जातें. बोलणाराचा हेतु वाईट असतो असें नाहीं. पुष्कळदां त्यांत कौतुकच असतें. परंतु या वाक्यानें बोलणाराचें मन तेवढें निश्चिंत होतें, आणि ज्याच्याविषयीं तें बोललें जातें त्यास मात्र विश्रांतीचें एक मिनिटही अधिक मिळत नाहीं, हें पाहिलें म्हणजे मनांत शंका उभी राहते. श्रम हाच व्यायाम, हें खरोखर शरीरशास्त्राचें सत्य आहे, कीं ज्यांना फुरसत आहे त्यांनीं, ज्यांना ती नाहीं त्यांच्याविषयीं करून घेतलेलें तें समाधान आहे?

प्रश्न आजकालचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सातव्या अध्यायांत व्यायामाचें लक्षण सांगितलें आहे. शरीरास स्थैर्य आणि बल देणारी चेष्टा म्हणजे व्यायाम, व ती मात्रेनें करावी, असा त्याचा आशय. पण ही चेष्टा 'इष्ट' असली पाहिजे, असेंही त्यांत एका शब्दानें सुचविलें आहे. घाईनें वाचणारास तो शब्द दिसतही नाहीं. अकराव्या शतकांतील टीकाकार चक्रपाणिदत्त मात्र तेथें थांबले. ओझें वाहणें वगैरे ज्या क्रिया मनास नको असतां केवळ कामाच्या गरजेपोटीं कराव्या लागतात, त्या या शब्दानें वगळल्या जातात, असा त्यांच्या विवरणाचा भाव आहे. सुश्रुत आणि वाग्भट यांनीं याला आणखी एक मर्यादा घातली : व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धी शक्ति खर्च झाली असें समजावें. आतां हा नियम हमालास लावून पहा. धान्याचें पोतें पाठीवर घेऊन जिना चढतांना त्याचा श्वास तोंडावाटे येऊं लागला, तर तो पोतें मधल्या पायरीवर ठेवून घरीं जाऊं शकतो काय? हातपाय दोघांचेही हालतात. परंतु थांबण्याचा अधिकार तालमींतल्या माणसाजवळ आहे, हमालाजवळ नाहीं. श्रम आणि व्यायाम यांतील सीमारेषा आमच्या मतें येथेंच आहे.

प्राचीनांनीं म्हटलें एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानण्याचे दिवस गेले, म्हणून अर्वाचीन शोधांकडे वळूं. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध प्रथम ज्या मोठ्या अभ्यासानें पुढें आला, तो डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या वाहतूक कामगारांवर केला आणि १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन माणसें असत. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटें देण्यासाठीं दिवसाकाठीं शेंकडों पायऱ्या चढणार आणि उतरणार. वस्ती तीच, गाडी तीच, पगारांतही फार अंतर नाहीं. असें असून वाहकांना हृदयविकार कमी होई, आणि झाला तरी तो चालकांच्या मानानें कमी घातक ठरे. मॉरिस एवढ्यावर थांबले नाहींत. १९५६ सालीं त्यांनीं कामगारांच्या गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां चालकांच्या विजारींचा घेर तरुण वयांतही वाहकांपेक्षां मोठा निघाला. म्हणजे भेदाचा कांहीं अंश ही माणसें नोकरीवर येतांना बरोबरच घेऊन आलीं असण्याचा संभव होता. आपल्याच सिद्धान्तावर आपणच घेतलेली ही शंका आम्हांस त्या सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते. पुढें त्यांनीं सरकारी कचेऱ्यांतील बैठें काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, आणि फावल्या वेळांतील जोमदार व्यायाम हृदयाचें रक्षण करितो असें त्यांत आढळलें. मॉरिस स्वतः नेमानें व्यायाम करीत. २००९ सालीं ते वारले तेव्हां शंभरीस थोडेच महिने कमी होते.

बसवाहकाचें उदाहरण 'श्रम हाच व्यायाम' म्हणणारांच्या बाजूचें आहे, असें कोणास वाटेल. पण त्या श्रमाचें स्वरूप कसें होतें? चढणें, थांबणें, दोन शब्द बोलणें, पुन्हां चढणें. पाठीवर ओझें नाहीं, आणि दोन थांब्यांमध्यें उसंत आहे. जेथें ओझें आहे आणि उसंत नाहीं, तेथें काय होतें? २०१८ सालीं सुमारे १,९३,००० व्यक्तींच्या माहितीचा एकत्र विचार करणारें एक परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, ज्या पुरुषांच्या कामांत शारीरिक कष्ट पुष्कळ होते, त्यांना अकालीं मृत्यूचा धोका कमी कष्टाच्या कामांतील पुरुषांपेक्षां शेंकडा १८ नें अधिक होता. स्त्रियांत असा वाढलेला धोका दिसला नाहीं. फुरसतीच्या वेळचा व्यायाम आयुष्य वाढवितो आणि कामाचा कष्ट तें वाढवीत नाहीं, या विरोधाभासाची तेव्हांपासून पुष्कळ चर्चा झाली आहे. ती मिटलेली नाहीं. नॉर्वेंत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत कष्टकरी पुरुष उलट अधिक जगतांना दिसले, आणि गरिबी, धूम्रपान, वाईट घरें यांचा परिणाम कष्टापासून वेगळा काढणें किती अवघड आहे, हें त्यानें दाखवून दिलें. तेव्हां श्रम माणसास मारतोच, असा निकाल आम्ही देत नाहीं. श्रम झाला म्हणजे व्यायाम झाला, असें निःशंकपणें म्हणण्याची सोय आतां राहिली नाहीं, एवढेंच.

याचें कारण शरीराच्या घडणींत आहे. अर्धा तास वेगानें चालणाराचें हृदय तेवढ्यापुरतें जोरानें धांवतें आणि मग शांत होतें. काहीं महिन्यांनीं तें एरवींही संथ चालूं लागतें. आठ तास पोतीं वाहणाराचें हृदय फार वेगानें धांवत नाहीं, पण थांबतही नाहीं. जड वजन उचलतांना रक्तदाब चढतो, आणि तो दिवसांतून शंभरदां चढतो. व्यायामानें स्नायु बळकट होतो, हें अर्धेंच खरें आहे. व्यायामानें तो शिणतो. बळकट होतो तो नंतरच्या विश्रांतींत. ज्याच्या दिनक्रमांत ही विश्रांति नाहीं, त्याच्या वांट्यास शीण तेवढा येतो.

मनाच्या बाबतींत हा भेद अधिकच स्पष्ट दिसतो. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जेम्स ब्लूमेंथाल व त्यांचे सहकारी यांनीं विषण्णतेच्या विकारानें पीडित अशा, पन्नाशी गांठलेल्या व ओलांडलेल्या १५६ स्त्रीपुरुषांचे तीन गट केले. एकास औषध, दुसऱ्यास आठवड्यांतून तीन वेळां व्यायाम, तिसऱ्यास दोन्ही. सोळा आठवड्यांनीं तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी आढळली. हा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीं आलेला निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. बरे झालेल्यांपैकीं ज्यांनीं केवळ व्यायाम केला होता, त्यांच्यांत विकार उलटण्याचें प्रमाण सर्वांत कमी होतें. औषध आणि व्यायाम दोन्ही घेणारे त्यांच्यापुढें असावयास हवे होते, ते मागें पडले. असें कां व्हावें? संशोधकांनीं एक तर्क सुचविला : ज्यानें केवळ व्यायाम केला तो 'मीं हें माझ्या प्रयत्नानें साधलें' असें म्हणूं शकला, ज्यानें दोन्ही घेतलें त्यास बरें होण्याचें श्रेय औषधास द्यावेंसें वाटलें असावें. हा तर्कच आहे, आणि त्यावरून कोणीं वैद्यानें दिलेलें औषध टाकून देऊं नये. परंतु मनाला जें बळ मिळतें तें हालचालीपासून जितकें, तितकेंच ती हालचाल आपली आहे या जाणिवेपासून मिळत असेल, तर दुसऱ्याच्या हुकुमानें झिजणाऱ्या शरीरास तो लाभ कोठून होणार?

आतां पुन्हां घरांत येऊं. २०१९ सालीं भारत सरकारनें केलेल्या कालविनियोगाच्या पाहणींत असें आढळलें कीं, बिनमोबदल्याच्या घरकामांत शेंकडा ८१ स्त्रिया आणि शेंकडा २६ पुरुष भाग घेतात. आणि जीं घेतात त्यांचा रोजचा वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटें व पुरुषांचा ९७ मिनिटें पडतो. जवळजवळ पांच तास! त्यांतला पुष्कळसा भाग ओट्यापाशीं उभें राहण्याचा, मान वांकवून निवडण्याचा, मनगटें पिळण्याचा. त्यांत श्वास वाढत नाहीं, पाय मोकळे होत नाहींत, आणि सलग वीस मिनिटें कोणी हांक मारल्यावांचून जात नाहींत. 'जात्याच्या काळीं बायका कशा धडधाकट होत्या' असें म्हणणारे वृद्ध अद्याप भेटतात. त्या काळच्या अशक्त बायका ही आठवण सांगावयास उरल्या नाहींत, ही गोष्ट ते विसरतात. जात्यावरच्या ओव्या ऐकाव्या. जातें ओढण्याचें बळ कोठून आलें हें त्या सांगतात, आणि त्याचें श्रेय त्या आईच्या दुधास देतात, जात्यास देत नाहींत.

शरीर हें धर्माचें आद्य साधन होय, या अर्थाचें कालिदासाचें वचन व्यायामाच्या प्रत्येक व्याख्यानांत यावयाचेंच. तें ऐकून आळशांनीं लाजावें अशी वक्त्याची अपेक्षा असते. पण कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत तें कोणा आळशास उद्देशून आलेलें नाहीं. तपानें शरीर झिजविणाऱ्या पार्वतीस बटुवेषधारी शंकर तें ऐकवितो, आणि तेंही, तुझ्या शक्तीस झेपेल इतकेंच तप करतेस ना, अशी चौकशी करून. तें वचन अतिश्रमाच्या बाजूनें नसून त्याच्या विरुद्ध आहे. घरांतील ज्या व्यक्तीस तें प्रथम ऐकवावयास हवें, तिलाच 'तुझा व्यायाम होतोच' असें सांगून आपण मोकळे होतों.

येथें एक आक्षेप येईल. घरचा कर्ता पुरुष पहाटे तासभर व्यायाम करितो. त्या वेळांत पाणी तापतें, चहा होतो, मुलांचे डबे भरले जातात, आणि हें सारें दुसरें कोणी करितें. मग व्यायाम ही स्वार्थाचीच एक शिष्टसंमत रीत नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें व्यायाम सोडला आणि पन्नाशींत अंथरूण धरलें, तर त्याची शुश्रूषा त्याच बाईस करावी लागेल. पण आपल्या नियमितपणाचा अभिमान वाहतांना, तो तास आपण एकट्यानें मिळविलेला नाहीं, हें त्यानें ध्यानांत ठेवणें न्यायाचें होईल.

औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांची येथें आठवण होते. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें. स्वतः रोज नमस्कार घातले, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले, आणि १९३८ सालीं त्याविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. स्त्रियांनींही नमस्कार घालावे असा त्यांचा आग्रह असे, आणि तो आपल्या घरापासून त्यांनीं अमलांत आणला. घरकाम हाच व्यायाम, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. आतां राजाज्ञेनें घातलेला नमस्कार 'इष्ट' कसा म्हणावा, ही शंका रास्त आहे, आणि शाळेच्या अंगणांत थंडींत उभ्या राहिलेल्या मुलांपैकीं कित्येकांस ती आलीही असेल. पण याच राजानें १९३९ सालीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं देणारी राज्यघटना दिली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध सिद्ध करितां येणार नाहीं. तरी ज्याला प्रजेचीं शरीरें बळकट व्हावींशीं वाटलीं, त्यालाच तीं कोणाच्या ताब्यांत असावींत हाही प्रश्न पडला, हें लक्षांत राहतें.

मुंबईच्या गिरणगांवांत काय होतें? कारखान्यांच्या कायद्यानें १९२२ सालीं आठवड्याचे जास्तींत जास्त ६० तास ठरविले, १९३४ सालीं ते ५४ झाले, १९४६ सालीं ४८. एवढे तास यंत्रापाशीं उभें राहून बाहेर पडलेल्या माणसानें घरीं जाऊन अंग टाकावें, असें कोणासही वाटेल. पण त्याच वस्तींत व्यायामशाळा होत्या, आणि गिरणींतले तरुण तेथें जाऊन जोर काढीत, मल्लखांबावर चढत, कुस्ती खेळत. श्रम हाच व्यायाम असता, तर ही मंडळी तेथें कां जातीं? गिरणींत किती वेळ हात चालवावयाचा हें भोंगा ठरवीत असे. तालमींत किती जोर काढावयाचे हें ज्याचें तो ठरवी. दिवसभर विकलेलें शरीर तासभर पुन्हां आपलें होत असे. त्याच चाळींत, त्याच वेळीं, त्याची बायकोही कामावरून येऊन चुलीपाशीं बसलेली असे. तिच्यासाठीं तालीम नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारसीप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम करावा. दिवसाचीं तीं बावीस मिनिटें भरतात. २९९ मिनिटांतून बावीस मिनिटें काढणें, हें गणित म्हणून कठीण नाहीं. अडचण व्यवहारांत येते : सकाळीं साडेसहा वाजतां ती दार ओढून घेऊन बाहेर पडेल, तेव्हां गॅसवर दूध असेल, धाकटा उठून रडत असेल, आणि घरांत त्या वेळीं आणखी एक धडधाकट माणूस, बहुधा व्यायाम आटोपून, वर्तमानपत्र वाचीत बसलेला असेल.