सावलींतले नेचे

विजयदुर्गास आमचें वडिलार्जित घर आहे. परसांत विहीर, आणि तिच्यापलीकडे आंबा व फणस यांची इतकी दाट सावली कीं, अळवावांचून तेथें दुसरें कांहींच धरत नाहीं. त्या पट्ट्यांत आम्ही नेचे राखतों. 'यांना ना फूल, ना फळ. देवाला नाहीं, पोटाला नाहीं. मग राखायचे कशाला?' असें आमच्या वृद्ध काकूंनीं एकदां विचारलें. प्रश्न वाटतो तितका घरगुती नाहीं.

कोणी म्हणेल, विहिरीच्या जांभ्यांतून उगवणारा हंसराज वैद्यांच्या उपयोगी पडतो. हें समर्थन आम्हांस पटत नाहीं. उपयोगावर ज्याचा जगण्याचा हक्क ठरला, त्याचा हक्क उपयोग सरतांच संपला! उलट, उगवलेलें सर्वच राखावें असेंही म्हणवत नाहीं. १७५६ सालीं इंग्रजांच्या तोफा सोसलेल्या येथील तटांत पिंपळ रुजला, तर तो लहान असतांच काढला पाहिजे. मुळ्या जाड झाल्या म्हणजे सांधे उकलतात आणि दगड ढळतात. उपटणें हें कित्येकदां कर्तव्यच असतें. मात्र उपटण्याआधीं नीट पाहणें हेंही कर्तव्य आहे. आणि तेथेंच आमचें चुकलें.

आंब्यावर बाशिंगाचे दोन गड्डे होते. या नेच्याला पानें दोन तऱ्हांचीं. लांब, हिरवीं पानें कोरड्या दिवसांत गळून जातात. आखूड, बिनदेठाचीं पानें तपकिरी होऊन तशींच चिकटून राहतात, आणि त्यांच्या ओंजळींत सांचलेला पालापाचोळा कुजून मुळांना खत मिळतें. फाल्गुनांत तो वाळका पसारा पाहून 'मेलें' असें ठरवून आम्हीं दोन्ही गड्डे ओरबाडून काढले. आंत लव असलेलें, बोटाएवढें जाड खोड ओलसर व जिवंत होतें. वर्गांत मुलांना पुराव्याची महती सांगणाऱ्या आम्हीं एकदां चांचपूनही पाहिलें नव्हतें. शरमेनें दोन्ही गड्डे काथ्यानें पुन्हां बुंध्याला बांधले. मृगानंतर एकाला कोवळीं, वेटोळीं पानें फुटलीं. दुसरा गेला तो गेलाच.

दिवाळीच्या सुटींत पुन्हां घरीं गेलों, तेव्हां तांदळाच्या धुवणाचा तांब्या घेऊन काकू त्या बुंध्याशीं उभ्या होत्या. आम्हांस पाहतांच त्यांनीं तो अळवाकडे वळविला.