मेलँकली: आजार की पाप?

'मेलँकली' हा इंग्रजी शब्द आता कातरवेळच्या हुरहुरीपुरता उरला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये मात्र त्याच्याभोवती एक अवघड धर्मप्रश्न उभा होता. शब्दाचे मूळ ग्रीक, अर्थ काळे पित्त. म्हणजे उदासी देहातून येते, तिचा दोष माणसाच्या माथी नाही. पण ईश्वराच्या कृपेविषयी निराश होणे चर्च पाप मानत होते. मग खिन्न माणसाने वैद्य गाठायचा की धर्मगुरू? टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६ मध्ये उत्तर दिले, की पित्ताची खिन्नता वेगळी आणि पापाच्या जाणिवेने पोळलेले मन वेगळे. (पुढे तो स्वतःच धर्मोपदेशक झाला.)

ही विभागणी सोयीची आहे, पण टिकणारी नाही. १६२१ मध्ये या विषयावर प्रचंड ग्रंथ काढणारा रॉबर्ट बर्टन ऑक्सफर्डचा धर्मोपदेशकच. त्याने 'धार्मिक मेलँकली' असा स्वतंत्र विभाग करून कृपेविषयीची निराशाही त्याच आजारात बसवली. मला त्याचेच पटते. नरकाच्या धास्तीने ज्याची झोप उडाली, त्याच्यात देह कुठे संपतो आणि मन कुठे सुरू होते, हे कोण सांगणार? आक्षेप असा, की सगळेच आजारात ढकलले तर पश्चात्तापाला जागा राहत नाही. पण पश्चात्ताप माणसाला हालवतो, क्षमा मागायला लावतो. मेलँकली त्याला जागच्या जागी खिळवते. या दोहोंची गल्लत धर्मालाच महागात पडते. बर्टनने प्रार्थना आणि औषध दोन्ही सांगितली, एकाशिवाय दुसरे नको म्हणून.