हात एजंटचा, कर्म कुणाचं?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यापासून अंबरनाथ, उल्हासनगरच्या बाजारांपर्यंत मोबाइलची कव्हरं, केसांच्या क्लिपा, एलईडी माळा, खेळणी असा किरकोळ माल विकणाऱ्यांपुढे आज एक प्रश्न असतो. चिनी माल तिथल्या ऑनलाइन दुकानातून स्वतः मागवावा, की एजंट धरावा? कुणाला किती कमिशन जाईल, माल किती दिवसांत येईल, पैसे बुडाले तर कुणाची मानगूट धरायची, अशा हिशेबातच बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो. पण हिशेबाच्या खाली एक जुना धर्मप्रश्न आहे: जे काम मी स्वतः करत नाही, पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतो, त्याचं बरंवाईट कुणाच्या खात्यावर पडतं? माझं म्हणणं असं की एजंट नेमल्याने कर्म हस्तांतरित होत नाही, आणि थेट खरेदी केल्याने ते आपोआप शुद्धही होत नाही. मध्ये माणूस आहे की नाही याला फार महत्त्व नाही. तो मधला माणूस व्यवहार आपल्याला दाखवतो की आपल्यापासून झाकतो, यावर सगळं ठरतं.

आधी व्यवहार जवळून पाहू. १६८८ हे संकेतस्थळ चीनच्या देशांतर्गत घाऊक बाजारासाठी आहे. भाषा चिनी, पैसे युआनमध्ये. भारतीय ग्राहकाला त्यातल्या त्यात सोपं असलेलं अलीएक्स्प्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केलं. शीनवर त्याच वर्षी जूनमध्ये बंदी आली होती. विक्रीसाठी माल आणायचा तर आयातदाराचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड क्रमांक लागतो. म्हणून छोटा दुकानदार एजंटकडे वळतो. एजंटचं गोदाम बहुधा यिवू किंवा ग्वांगझूत असतं. वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल तो तिथे गोळा करतो, कार्टन उघडून नग मोजतो, फोटो पाठवतो आणि सगळं एकत्र करून जहाजाने किंवा विमानाने धाडतो. इथवर दोन एजंटांत फरक दिसत नाही. फरक कागदावर दिसतो. एक एजंट विक्रेत्याचं मूळ बिल देतो, आपलं कमिशन वेगळं मांडतो, भाडं वेगळं लिहितो आणि कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, दुकानदाराच्या नावावर काढायला लावतो. दुसऱ्या एजंटचा फक्त मेसेज येतो: वजनकाट्यावर ठेवलेल्या, टेप मारलेल्या कार्टनचा फोटो, खाली किलो, किलोचा भाव, आणि ‘ड्यूटी त्यातच, घरपोच’. कस्टमला मालाचं वर्णन काय दिलं, किंमत किती दाखवली, तो कुणाच्या नावावर सुटला, हे दुकानदाराला कळत नाही. बऱ्याचदा त्याला ते कळायलाही नको असतं.

‘मला काय माहीत, सगळं एजंट बघतो’ ही भूमिका आपल्या परंपरांना मान्य नाही, आणि या मुद्द्यावर एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या परंपरांचं एकमत आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या पादात हिंसेसारख्या दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेला, करवून घेतलेला आणि अनुमोदन दिलेला. जैन आचारधर्माने हे तीन प्रकार मन, वाणी आणि काया यांनी गुणले, आणि साधूचा त्याग या नऊही बाजूंनी पूर्ण व्हावा असं ठरवलं. ज्या मनुस्मृतीचं १९२७ साली महाडला दहन झालं आणि योग्य कारणासाठी झालं, तिनेही पाचव्या अध्यायात प्राणिहत्येचा दोष एकट्या मारणाऱ्यावर ठेवलेला नाही. अनुमती देणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळे तिने त्याच ओळीत बसवले आहेत. म्हणजे व्यवहाराची साखळी लांबली की दोष पातळ होतो, ही कल्पना या परंपरांना ठाऊक होती आणि त्यांनी ती विचार करून नाकारली.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार मला बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, दिसतो. चोरीविषयीच्या नियमात भिक्षूने दुसऱ्याला वस्तू उचलायला सांगितलं तर काय, त्या दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं तर काय, अशा निरोपांच्या साखळ्या एकेक करून तपासल्या आहेत. सांगितलेलीच वस्तू उचलली गेली, तर सांगणारा आणि करणारा दोघेही दोषी. पण हस्तकाने सांगितलेली वस्तू सोडून दुसरीच उचलली, तर सांगणाऱ्यावर त्या कृत्याचा दोष नाही. ही सूट न्याय्य आहे आणि आजच्या दुकानदारालाही ती लागू पडते: त्याने खरी किंमत दाखवायला सांगितलं होतं आणि एजंटने परस्पर खोटी दाखवली, तर दोष एजंटचा. मात्र ‘कसंही कर, पण इतक्या भावात पोहोचव’ असं जो सांगतो, त्याच्या सूचनेतच ते ‘कसंही’ आलेलं असतं. तो त्या सुटीत बसत नाही. ठरवून घेतलेलं अज्ञान हे अजाणतेपण नव्हे.

लौकिक कायदाही याच दिशेने जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २२६ वं कलम सांगतं की एजंटमार्फत झालेल्या कराराचे परिणाम मालकाने स्वतः केलेल्या करारासारखेच होतात. मागितल्यावर योग्य हिशेब देणं २१३ व्या कलमाने एजंटवर बंधनकारक केलं आहे. आणि २३० वं कलम असं मानून चालतं की परदेशी राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एजंटने खरेदी-विक्री केली, तर उलट काही ठरलेलं नसल्यास तो स्वतःही त्या कराराला बांधील असतो. चीनमध्ये बसलेल्या एजंटवर हा कायदा चालवणं अवघड आहे. पण त्यामागचं तत्त्व देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. अंतर वाढेल तशी मधल्या माणसाची जबाबदारी वाढली पाहिजे, कारण तिथे पाहणारा तो एकटाच असतो.

मधला माणूस पडद्यासारखा वापरला की काय होतं, याचा पुरावा मुंबई आणि चीन यांच्याच व्यापारात आहे. चीनमध्ये अफूविरुद्धचे हुकूम १७२९ पासून निघत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ पासून बंगालच्या अफूचा मक्ता आपल्याकडे घेतला, पण चीनला ती स्वतःच्या जहाजांतून नेली नाही. कलकत्त्याला लिलाव करायचा, पैसे घ्यायचे आणि पुढचा प्रवास खासगी व्यापाऱ्यांवर सोडायचा, अशी तिची रीत होती. बंदी मोडणारे ते, कंपनीचे हात स्वच्छ. माळव्याची अफू मुंबईहून जाई. जमशेटजी जिजीभाईंसारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांचं ग्वांगझूतल्या जार्डिन मॅथेसन पेढीशी या मालात जवळचं नातं होतं, आणि अशा पेढ्यांचं बरंच काम दुसऱ्यांच्या मालावर कमिशनने चाले. पिकवून घेणारा, लिलाव करणारा, वाहून नेणारा, कमिशन घेणारा असा प्रत्येक जण साखळीतली एकच कडी सांभाळत होता. सबंध साखळी आपली आहे असं म्हणणारा कुणीही नव्हता. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, युद्ध पेटलं, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला हाँगकाँग गमवावं लागलं. जमशेटजींचा दानधर्म खरा आणि मोठा होता; १८४५ चं जे. जे. रुग्णालय आजही गरिबांच्या उपयोगी पडतं. पण चांगल्या कामात खर्च झाल्याने त्या पैशाचा उगम बदलत नाही, आणि मध्ये कमिशन एजंट होते म्हणूनही तो बदलत नाही.

मग मधला माणूस काढून टाकावा आणि थेट खरेदी करावी, असं कुणी म्हणेल. मराठी मनाला हे पटकन पटतं, त्याला कारण आहे. वारकरी परंपरेने देव आणि भक्त यांच्यात दुसऱ्या कुणाची गरज मानली नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि भटजीशिवाय लग्नं लागू लागली. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द केले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटची मोहोर उमटली. पण या लढ्यांनी नेमकं काय नाकारलं, ते नीट पाहायला हवं. दर्शनाला मिळकत मानणारा, वाट अडवून तिचं भाडं घेणारा मध्यस्थ त्यांनी नाकारला. त्याच वारकरी परंपरेने गुरूला मान दिला, आणि कीर्तनकारालाही दिला. गुरू आपलं ज्ञान शिष्याला देऊन टाकतो, आणि शिष्य एक दिवस त्याच्यावाचून चालू लागला तर त्याला आनंद होतो. वाट दाखवणारा आणि वाट अडवणारा यांत परंपरेने फरक केला. तो फरक आपणही केला पाहिजे.

शिवाय ऑनलाइन दुकानातली थेट खरेदी वाटते तितकी थेट नसते. अलीबाबाने २००४ मध्ये अलीपे उभं केलं ते याचसाठी, की अनोळखी विक्रेत्याला ग्राहक पैसे देईना आणि अनोळखी ग्राहकाला विक्रेता माल देईना. माल हाती पडेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात. हा तिसरा मध्यस्थच आहे. फक्त त्याला चेहरा नाही, आणि कामगार कोण, रंग कोणता वापरला, हे त्याला विचारता येत नाही. याउलट कारखान्यात जाणारा, सदोष नग परत पाठवणारा, कागद पुरे करणारा एजंट खरी मेहनत करतो, जोखीम घेतो आणि त्याचा मोबदला घेतो, हे रास्तच आहे. कौटिल्याने व्यापाऱ्याला देशी मालावर शंभरामागे पाच आणि परदेशी मालावर दहा इतका नफा ठरवून दिला होता. दूरच्या मालाचे कष्ट जास्त, म्हणून नफा जास्त, पण तोही मर्यादेत आणि सगळ्यांना माहीत असलेला. मध्यस्थी फुकट असावी असं कौटिल्य म्हणत नाही. ती उघड असावी, एवढंच त्याच्या नियमातून निघतं.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दोन-चार कार्टन मागवणाऱ्या, गाळ्याचं भाडं कसंबसं भरणाऱ्या माणसाला हा धर्मविचार परवडतो का? मोठे आयातदार पळवाटा काढतात आणि नैतिकतेचं ओझं मात्र छोट्याच्या डोक्यावर, हा अन्याय नाही का? जबाबदारी कुवतीप्रमाणे कमी-अधिक होते, हे मला मान्य आहे. यिवूच्या कारखान्यातल्या मजुरीची चौकशी हेंद्रेपाड्यातल्या दुकानदाराने करावी, असं कुणी म्हणू नये. पण बिल मागणं त्याच्या कुवतीत आहे. ‘किंमत खरी दाखव’ हे एक वाक्य मेसेजमध्ये लिहिणं त्याच्या कुवतीत आहे. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर बिल ऑफ एंट्री नावावर असल्याने आयातीवर भरलेल्या आयजीएसटीची वजावटही मिळते. आणि कमी किंमत दाखवून आणलेल्या मालाचा पहिला फटका दूरच्या सरकारआधी शेजारच्याच दुकानदाराला बसतो, जो पूर्ण ड्यूटी भरून तीच वस्तू विकतो. हा धर्म शेजारापासूनच सुरू होतो.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानदार हा एजंटचा ग्राहक आहे, तसाच तो आपल्या ग्राहकाचा एजंटही आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. एखादी आई दुकानात येते, बाळ तोंडात घालेल असं रंगीत खेळणं उचलते आणि किंमत विचारते. तिला यिवू माहीत नाही, बिल ऑफ एंट्री माहीत नाही. ती दुकानदाराच्या डोळ्यांनी माल पाहत असते. ‘मला एजंटने दिलं’ एवढंच त्याच्याकडे उत्तर असेल, तर ज्या झाकलेल्या व्यवहाराने त्याची फसवणूक होऊ शकते, तोच व्यवहार तो पुढे तिच्याशी करतो. म्हणून एजंटकडून उघडा हिशेब मागणं हा त्याचा फक्त हक्क नाही, त्याच्या ग्राहकाचं ते त्याच्यावर असलेलं देणं आहे.

चिनी माल घेऊच नये, असंही काही जण म्हणतील. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर २०२० मध्ये ही मागणी जोरात होती. स्वदेशीचा विचार आदराचा आहे, आणि ज्याला तो पाळायचा आहे त्याने पाळावा. पण त्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. देशी माल घेतानाही अडत्या, वितरक, ठेकेदार मध्ये असतातच, आणि करवून घेतलेल्या कर्माचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

तेव्हा निवड अशी करावी. ज्याला भाषा येते, कागदपत्रं पुरी करता येतात आणि नुकसान सोसता येतं, त्याने स्वतः खरेदी करावी. बाकीच्यांनी एजंट घ्यावा, त्याला कमिशन मनापासून द्यावं, पण मूळ बिल, कमिशन, भाडं आणि ड्यूटी वेगवेगळी मांडायला लावावी आणि काय करायचं नाही ते लेखी सांगावं. हे दाखवायला जो तयार नाही त्याचा भाव कितीही कमी असो, त्याच्याकडून माल घेऊ नये. त्या कमी भावातला काही भाग आपल्याला न दाखवलेल्या गोष्टींतून निघालेला असतो, आणि तो खिशात घालताना त्या गोष्टीही आपण आपल्याच नावावर लिहून घेतो.