टाळू आणि पूर्वकर्म

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बाजूला, आणि खरं तर महाराष्ट्रभर, ग्रहण लागलं की गरोदर बाईला विळीला हात लावू देत नाहीत. तिने काही चिरलं तर बाळाचा ओठ किंवा टाळू चिरलेला निघतो, असा समज. ग्रहण पाळूनही तसं मूल जन्मलं, की बोट पूर्वजन्मीच्या पापाकडे वळतं. दोन्हींत एकच गृहीत आहे: टाळू मुळात अखंड असतो आणि मग कुणाच्या तरी करणीने फाटतो. हे गृहीतच खोटं आहे, आणि ते गेलं की दोषाचा सगळा हिशोब निराधार होतो.

गर्भ सात आठवड्यांचा असताना प्रत्येकाचाच टाळू दुभंगलेला असतो. जिभेच्या दोन्ही अंगांना दोन पाळ्या खाली लोंबत असतात. पेशी विभागून त्या वाढतात, जिभेच्या वर उचलल्या जातात, मधोमध भेटतात. भेटीच्या रेषेवरचा पेशींचा पातळ थर नाहीसा झाला की बाराव्या आठवड्यापर्यंत त्या एकजीव होतात. या प्रत्येक पावलाला रासायनिक निरोप लागतो. तो घेणारे पेशीवरचे कित्येक ग्राहक स्वतःच काइनेज जातीची विकरं असतात. ती आतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, दुसरी विकरं ते उतरवतात; पेशीने वाढायचं की थांबायचं, हे बरंचसं या चढउतारावर ठरतं. टीजीएफ-बीटा 3 या निरोप्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा टाळू जुळत नाही, हे 1995 मध्ये दिसून आलं. तिथे काही कापलं गेलं नव्हतं, जुळणं तेवढं राहून गेलं होतं. शिवाय हे सारं पोट दिसू लागण्याआधीच आटोपतं. सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी संबंध लागणार कसा?

कर्मवादी म्हणेल, विकरं ही नुसती साधनं. कुणाचा टाळू जुळावा हे कर्मच ठरवतं. हा आक्षेप हलका नाही. जगातल्या विषमतेचा ठपका ईश्वरावर येऊ नये म्हणून ब्रह्मसूत्रांनी ती जिवाच्या कर्मावर सोपवली, आणि शंकराचार्यांनी ते भाष्यात उचलून धरलं. जग अन्यायी नसावं ही त्यामागची तळमळ मला मोलाची वाटते. पण टाळू जुळला तरी कर्म आणि न जुळला तरी कर्म, असं म्हणणारं उत्तर या बाळाबद्दल काहीच सांगत नाही. दोष मात्र देतं. आपल्याच परंपरेत याहून सावध विचार झालेला आहे. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्ध माणसाच्या वेदनांची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल यांच्या यादीत कर्मविपाक हे फक्त एक. भंडारा जिल्ह्यात, जिथे पवनीला प्राचीन स्तूप सापडला, तिथे तरी ही आठवण परकी वाटू नये.

आता नवा दोष तयार आहे: आईने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या नसतील. काही औषधांनी आणि धूम्रपानाने धोका वाढतो, हे खरं. ते आधी सांगायलाच हवं. पण तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांतही एकाचा टाळू उघडा आणि दुसऱ्याचा जुळलेला असू शकतो. आई तीच, पोट तेच, ग्रहणही तेच. कारणांच्या साखळीत योगायोगाचीही कडी असते, आणि तिला अपराधी नसतो.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू तपासणीच्या यादीत आहेत. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात, बोलणं पक्कं होण्याआधी करतात. पापाचा शोध घेत बसलेल्या घरात वाया जातात ते नेमके हेच महिने.